मांडणीमागचं फडताळ

शालन,

मंगलचा अकलूजहून रोज फोन येतोय. तुझा महिना भरतोय, चौकात फ्लेक्स लावायचा म्हणती. फोटो तिनं निवडलाय, तू हसतीयस तो. खाली लिहायला माझ्याकडं चार ओळी मागत होती. मी म्हणलं, माझं तुझ्या आईशी भांडण लागलंय, ते मिटल्याबिगर फ्लेक्स नाही.

"आवो आण्णा, गेलेल्या मानसाशी कसलं भांडान?"

"गेली म्हणून सुटली व्हय?"

पोरीनं फोन ठेवला. मग मी हे लिहायला बसलो. शिक्षण चौथी, अक्षर कोंबडी चालल्यासारखं, पण तुला लागेल एवढं. तू किती गुणाची होतीस ते ह्यात यायचं नाही. ते गल्लीतल्या बायका येऊन, रडून सांगून गेल्या. तू मला कसं गंडवलंस, तेवढंच मी लिहिणार आहे. आन् पहिल्यापासनं लिहिणार. तुला सगळं ठाऊक असलं तरी तुझ्या तोंडावर सांगायचंय मला.

वाटणीचा दिवस आठव. मी आन् माझा धाकटा भाऊ भीमा, दोघांत एक घर. चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याकडची बाजू आपल्याला आली, दगडी भिंतीची त्याला. त्या भिंतीत तुझं फडताळ होतं. हातभर जाड भिंत, तिच्यात कोरलेलं कपाट, सागवानी दारं. तू लग्न होऊन वळसंगहून आलीस तेव्हा माझ्या आईनं त्याची किल्ली तुझ्या हातात दिलेली. तुझी हळद, तुझं तिखट, शेंगाच्या चटणीचा डबा, सगळं त्यात. मी भीमाला एवढंच म्हणलं, बाजू तुझी, पण फडताळ तुझ्या वैनीला वापरू दे. तो म्हणला, "आण्णा, भिंतीतलं भिंतीसंगं जातंय." त्याची बायको कमळ मागं पदर घेऊन उभी होती.

तू काय केलंस? डबे काढून पाटीत भरलेस, ओला फडका आणलास आन् कप्पे पुसलेस. ज्यानं हिसकावून घेतलं त्याला पुसून दिलंस! वर किल्ली कप्प्यात ठेवलीस. माझ्या अंगाची आग झाली. सगळ्या पंचांसमोर मी म्हणलं, भीमाच्या घरच्या पाण्याचा थेंब जरी माझ्या तोंडात गेला तर बापाचं नाव लावणार नाही. भीमा म्हणला, "मग माजी पन तीच शपत." तिथनं आम्ही दोघं भाऊ एकमेकाला मेलो.

मग मधी पार्टिशन आलं. उभ्या लाकडी पट्ट्या, दोन्ही अंगानं प्लायवूड, आत पोकळ. आपल्या अंगाची प्लाय आपली, त्याच्या अंगाची त्याची, पोकळी कुणाचीच नाही.

पहिली काही वर्षं तू कुरकुर केलीस. डबे खाटंखाली, त्यात उंदरं. "एक फडताळ पायजे बगा." मी म्हणायचो, अगं ही भिंत आतनं रिकामी आहे. प्लाय कापतो, दोन पट्ट्यांच्या मधी पेटी बसवतो, पोकळी सगळी आपण घेऊ, बसू दे भीमाला बोंबलत. की तू माझ्या दंडाला लोंबकळायचीस. "नगं, भांडान हुईल." मी म्हणायचो, "भांडान व्हायलाच पायजे." दर दिवाळीला डबे घासताना हाच तमाशा. आन् मग एका वर्षी तू मागायचंच बंद केलंस. मी म्हणलं, बाई हरली. गिळला तिनं राग. म्हणून तुझ्या वाटणीचा राग पण मीच वाहिला. इतकी वर्षं दोघांचं ओझं एकट्यानं!

दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. म्हणलीस, "म्या येस्तवर मांडणीला हात लावू नगा."

"का गं?"

"भांडी पडत्याली."

मी म्हणलं, बरं. तू परत आलीच नाहीस.

तिरडी उचलताना भीमा पुढं झाला. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. "सर मागं. फडताळ नेलंस, आता हिला पन नेतोस व्हय?" सगळी गल्ली ऐकत होती. तो सरला. चपला काढून सगळ्यांच्या मागनं चालत आला. खांदा मी लावू दिला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. आजपण वाटत नाही. कुणी विचारलं तर हेच सांगतो.

तेरावा झाला, मंगल गेली, आन् घरात मला अडवणारं कुणी उरलं नाही. म्हणलं, आता फडताळ. ती असताना तिनं करू दिलं नाही, आता बघतो कोण लोंबकळतंय दंडाला. नवी पेठेत जाऊन पितळी कडी-कोयंडा घेतला आन् नारळाएवढं कुलूप घेतलं. दुकानदार म्हणला, "काका, तिजोरी हाय का काय?"

"बायकोचं फडताळ हाय."

"मग काकूंस्नी आना की. त्यांच्या पसंतीनं घ्या."

मी कुलूप उचललं आन् निघालो.

रसूल मिस्त्रीला बोलावला. पार्टिशन त्यानंच मारलेलं, पट्ट्या कुठं आहेत ते त्याला पाठ. मी जागा दाखवली. स्वयंपाकघरात, बरोबर तुझ्या भांड्याच्या मांडणीमागं. पलीकडं कमळची चूल.

रसूलनं मांडणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काका, इधर नक्को. लकडी कमजोर है."

"तूच लावलीयास नव्हं?"

"मैंच लगाया, तभीच तो बोल रहा ना. खिडकी के बाजू करतैं. उजाला भी आता."

"मला उजेड नगं, आवाज पायजे. ठोकलेलं भीमाला ऐकू गेलं पायजे."

तो बोटानं ठोकत पार दारापर्यंत गेला. म्हणला, इधर पोकळ अच्छा है. परत आला. म्हणला, यहाँ वायर होगी. म्हणलं, वायर वरनं गेलीय, डोळं फुटलं का? पेन्सिलीनं डोकं खाजवलं. चहा मागितला. चहा पिऊन म्हणतो, "काका, पहले अकलूज कू फोन करके बेटी कू पूछ लेते क्या?"

तिथं माझं टाळकं फिरलं. माझ्या घरात खिळा मारायला मी पोरीला विचारू? मीच मांडणी धरली आन् ओढली. तुझं खरं होतं. भांडी पडली.

मांडणीमागं तुझी ती मोराची चादर, नुसती वरनं खिळ्यांनी मारलेली, मांडणीच्या कप्प्यातनं हात घालून उचलता येईल अशी. भिंतीला तेल लागू नये म्हणून, असं तू सांगितलेलं. मी ती फाडली. रसूल दुसरीकडं बघायला लागला.

प्लाय आधीच कापलेली होती.

तुझ्या कमरेच्या उंचीला, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधी, ताटाएवढी चौकोनी खिडकी. हाताला लागू नये म्हणून कडेनं साडीचा काठ चिकटवलेला. हिरव्या इरकलीचा. तुझी ती इरकल मीच आणलेली, आन् ती फाटल्यावर गोधडीत घातली असं तू मला सांगितलेलं. आत दोन पट्ट्यांना आडवी फळी ठोकलेली. फळीवर हळदीच्या बोटांचे डाग, तेलाची गोल वर्तुळं, एकावर एक. पलीकडच्या प्लायला पण तेवढीच झडप, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर लटकलेली. आन् फळीवर एक वाटी. स्टीलची. कडेला नाव घातलेलं: सौ. कमळ भीमराव. वाटीत साखर घातली असावी, मुंग्या तळाशी शेवटचं आवरत होत्या.

मी रसूलकडं बघितलं.

"काकी ने कसम डाली थी काका. बोली, मेरे आदमी कू बोला तो मेरा मरा मुँह देखेगा."

"म्हणून तिचं मेलेलं तोंड बघेस्तवर गप बसलास?"

"और क्या करता?" म्हणला. डोळे पुसायला लागला, भाड्या. मला त्याला करवतीनं हाणावंसं वाटलं.

पोकळीची खोली बघितली. तळहात आडवा धरला की भरली. मी डब्यांसाठी पार्टिशन फोडायला निघालेलो, आन् तिथं डबा बसतच नव्हता. वाटी बसत होती. रसूल म्हणला, "काकी बोली थी, डब्बा नक्को, कटोरी बैठी तो बस." म्हणजे तू हरली नव्हतीस. तुला पाहिजे ते फडताळ तू कधीच करून घेतलेलंस, आन् माझ्या नाकासमोर मांडणी लावून ठेवलेलीस.

मग एकेक गाठ सुटायला लागली. तो आंबाडा आठव. कमळचं माहेर अक्कलकोटच्या खाली, तिकडं कानडीत पुंडी म्हणत्यात त्याला. लसणाचा दणका दिलेली आंबट भाजी मी भाकरीसंगं ओरपली आन् विचारलं, "ही कानडी चव कुठनं आनलीस गं?" तू म्हणलीस, "शेजारनीनं शिकवली." आन् पदर तोंडाला लावून हसत बसलीस. मला वाटलं, नवऱ्यानं वाखाणलं म्हणून लाजली. शेजारीण! खोटंपण बोलली नाहीस, सटवे. माझ्या तापात ते हुलग्याचं माडगं आठव. मी म्हणलं, आज चव निराळी लागती. तू म्हणलीस, ताप हाय, तोंड कडू झालंय. मी घोट-घोट पिऊन बरा झालो. भीमाच्या घरच्या पाण्याचा थेंब नाही म्हणलेला माणूस त्याच्या घरची पातेली रिचवून वर ढेकर देत होता. माझ्या शपथेची तू भाजी केलीस, शालन, आन् मलाच वाढलीस.

मी खाली बसलो. रसूल पाणी द्यायला लागला, ते पण पिऊ का नको कळेना.

मग मला एक सुचलं आन् अंगात जोर आला. वाट्या हिकडनं पण गेल्या असतील की! तुझी शेंगाची चटणी गेली असंल. म्हणजे शपथ त्याची पण मोडली, आन् त्याला ठाऊक नाही. ह्याच्याएवढा सूड मला जन्मात मिळाला नसता. मी गुडघ्यावर झालो, खिडकीत तोंड घातलं आन् पलीकडची झडप ढकलली. कमळ भाकरी थापत होती. "अय्यो!" म्हणून तिनं पिठाच्या हातानंच पदर ओढला.

"भीमा कुटं हाय? बोलीव त्याला."

भीमा आला, वाकला. इतक्या वर्षांनी इतक्या जवळनं बघितला. तोंडात पुढचे दात नाहीत. म्हातारा झालाय.

मी म्हणलं, "भीम्या, माज्या घरची चटणी खाल्लीस रं तू! इतकी वर्सं! ह्या भोकातनं! कुटं गेली तुजी शपत?"

तो म्हणला, "पयल्या घासाला वळकली हुती."

"काय?"

"वैनीच्या उकळातली चटणी वळकू येत न्हाय व्हय मला? तिच्या हातचं खाऊन मला मिशी फुटली."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर बंद झाली असती की."

मागं कमळच्या हातातली भाकरी तशीच राहिलेली. तिलापण हे नवीन होतं. तिकडं ती दादल्याला चोरून वाढत होती, आन् दादला चोरून ओळखत होता. भीमा म्हणला, "आण्णा, तू खरंच वळकलं न्हाईस?"

चौघांत येडा एकटाच निघालो. मिस्त्री धरला तर पाचांत.

मी म्हणलं, "मग वाटणीला असा का वागलास?"

"तवा डोस्कं तापलं हुतं. आन् आता तू हिशेब चुकता केलास. वैनीला खांदा लावू दिला न्हाईस, ते मी इसरनार न्हाय. मरस्तवर न्हाय. हे भोक बुजव न्हायतर ठेव, मी तुज्याशी बोलनार न्हाय." आन् उठून गेला. शाबास. मला वाटलं होतं रडंल. माझाच भाऊ आहे.

रसूल माझ्या मागं स्क्रू मुठीत घेऊन उभा. "काका, पेटी बिठाता. पिच्छे प्लाय मारू क्या?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात झडपेतनं कमळचा हात आला. पिठाचा, बांगड्यांचा. "भावजी, माजी वाटी तेवडी द्या. आक्कानं साकर घालून ठिवल्याली."

"तुला काय ठाऊक?"

"दवाखान्यात जायच्या आदी टकटक केलं हुतं तिनं. म्या हात लावला न्हाय. म्हणलं, यील आन् आपल्या हातानं दील."

तेराव्यापर्यंत नाही, त्याच्यानंतरपण नाही. वाटी तिथंच ठेवली तिनं. तू येशील म्हणून.

"मुंग्यांनी खाल्ली साकर," मी म्हणलं.

"मग रिकामीच द्या."

"देत न्हाय."

हात आत गेला.

तुझं फडताळ झालंय. रसूलनं वर-खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या, पातळ पेटी आत सरकवली, पाचर ठोकून सरळ केली आन् उभ्या पट्ट्यांत स्क्रू पिळले. आपल्या अंगाला दार, त्याला पितळी कडी. काठ काढू क्या, म्हणला. म्हणलं, हात लावून बघ. खिडकी तुझ्या कमरेला होती तिथंच आहे, त्यामुळं मला दर वेळंला वाकावं लागतंय. कंबर धरती. एवढी बुटकी का होतीस गं?

मागची प्लाय मी मारू दिली नाही. भीमाला वाटत असंल, आण्णा पाघळला. पाघळलो नाही. प्लाय मारली तर कमळ वाटी मागायला येणार कुठनं? रोज संध्याकाळी टकटक होती. "भावजी, वाटी." मी म्हणतो, "देत न्हाय." एवढं म्हणायला मला लई बरं वाटतं, आन् त्याला खिडकी उघडी लागती. कुलूप तसंच पडून आहे.

परवा कडी काढली तर फळीवर दुसरी वाटी. आंबाडा. झाकण घालून, गरम. मी म्हणलं, ही लाच आहे. नाही खायचा. मग म्हणलं, शपथ तर कधीच बुडाली, आता काय राखायचं? दोन भाकऱ्या खाल्ल्या. आन् खिडकीत तोंड घालून ओरडलो, "मीट कमी हाय!" तिची चूक काढायला मिळाली म्हणून जरा मोठ्यानंच ओरडलो.

पलीकडनं हळूच आवाज आला. "आमच्यात आळणीच खात्यात भावजी. ह्यांस्नी मीट चालत न्हाय. तुमच्यात वाडताना आक्का वरनं मीट घालायची."

मी कडी लावली आन् मांडणीला टेकून बसलो. म्हणजे चोरून आणलेल्या त्या सगळ्या वाट्यांत शेवटची चिमूट तुझी होती. मी खाल्लं ते तिचंपण होतं आन् तुझंपण होतं. आता नुसतं तिचं येणार, आळणी. वरनं मीठ मला घालावं लागणार, आन् ते किती घालायचं हे तू मला कधी दाखवलं नाहीस. हे मात्र मी तुला माफ करणार नाही. गंडवलंस ते एक वेळ सोडतो. हे नाही.

मंगलला आज फोन केला. म्हणलं, लाव तुझा फ्लेक्स, फोटो तोच घाल. ती कुणाला हसतीया ते मला आता कळलंय. ओळी-बिळी काही नको.

कमळची दुसरी वाटी मी परत दिली नाही. काल तिसरी आली, तीपण दिली नाही. घासून, पालथ्या घालून फडताळात ठेवल्यात, नाव दिसेल अशा. हा माझा सूड. तिच्या मांडणीवरच्या वाट्या संपेपर्यंत चालणार, मग भीमा पळीनं आमटी पिईल तेव्हा बोलंल की नाही बघतो.

तुझी शेवटची वाटी सगळ्यात वर उताणी ठेवलीय. मुंग्या झटकल्या, पुसली आन् तिच्यात परत साखर घातली. रिकामी वाटी द्यायची नसती, एवढं तुझ्याकडनं शिकलोय. द्यायची तेव्हा साखरेनं भरून, टकटक करून देईन, तुझ्यासारखी.

पण आज नाही.